तीस सेकंदांचं सोवळं

सरकारने माणसासाठी एक नवी पदवी काढली आहे. विश्वासू प्रवासी. आपल्याकडे विश्वासू हा शब्द आजवर घरगड्याला लावत आणि कुत्र्याला लावत. आता तो विमानाने उडणाऱ्याला लागलाय.

२२ जून २०२४ ला गृहमंत्री अमित शहांनी दिल्लीच्या विमानतळावर, टर्मिनल तीनमध्ये, ही योजना सुरू केली. नाव लांबलचक : फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम. १६ जानेवारी २०२५ ला ती मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद, कोची आणि अहमदाबादला पोचली. ११ सप्टेंबर २०२५ ला लखनौ, तिरुअनंतपुरम, तिरुचिरापल्ली, कोळिकोड आणि अमृतसर. झाले तेरा विमानतळ. भारतीय नागरिकांनी आणि ओसीआय कार्डवाल्यांनी, म्हणजे परदेशाचं नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मुळाच्या लोकांनी, ऑनलाइन अर्ज करायचा. सरकार त्यांची माहिती तपासणार. मग बोटांचे ठसे द्यायचे, तोंडाचा फोटो द्यायचा. नोंद झाली की पाच वर्षं, किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, रांगेची कटकट नाही. बोर्डिंग पास दाखवायचा, पासपोर्ट मशीनवर धरायचा, तोंड दाखवायचं, दार आपोआप उघडतं. सरकार सांगतं ३० सेकंदांत काम होतं. फी एक पैसा नाही.

दोस्तांनो, मला त्या मशीनचा राग नाही. मशीन माझी जात विचारत नाही, ही तर चांगली गोष्ट झाली. माझा राग आहे त्या शब्दावर. विश्वासू. कारण सरकार काही माणसांना विश्वासू म्हणतं, त्या क्षणी उरलेल्यांना ते काय म्हणतं, हे न बोलता ठरून जातं.

मी मुंबईच्या गोदीत हमाली करतो. गाव आसेगाव, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशिम. शिक्षण मॅट्रिक. कविता करतो, तिचे पैसे मिळत नाहीत. विमानात कधी बसलो नाही. मग विमानतळावरच्या रांगेबद्दल मी काहून बोलावं? कारण रांग हा माझा विषय आहे. रेशनची रांग, सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरची रांग, जातपडताळणीची रांग, वसतिगृहाच्या नंबराची रांग, नाक्यावर सकाळी मुकादमापुढची रांग. आणि माझ्या आजाला तर रांगसुद्धा नव्हती. विहिरीवर सगळ्यांचं भरून झालं की लांब उभं राहायचं आणि कुणी वरून ओतील त्याची वाट बघायची. रांगेत उभं राहण्याचा हक्क आमच्या लोकांनी लढून घेतलाय. म्हणून रांगेच्या बाजूने कुणी नवी वाट काढली की आमचे कान टवकारतात.

आता नीट बघा. ही सरकारी दारं येण्याच्या कितीतरी आधीपासून जगात दुसरी एक झटपट वाट आहे. ती तिकिटावर मिळते. लंडनच्या हीथ्रोवर पहिल्या आणि बिझनेस वर्गाच्या प्रवाशाला विमान कंपन्या फास्ट ट्रॅकची सोय देत आल्या आहेत. बँकॉकच्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, तिथे प्रीमियम लेन आहे, म्हणजे महाग तिकीटवाल्यांचे पासपोर्ट तपासायचे वेगळे काउंटर. दुबईत एमिरेट्सच्या पहिल्या आणि बिझनेस वर्गाला तशीच सोय. आपल्या मुंबईच्या विमानतळावर पैसे मोजून घ्यायची जी सेवा आहे, तिचं नाव काय ठेवलंय माहीत आहे? प्रणाम! तुमचा माणूस तुमच्यासाठी उभा राहतो, सामान उचलायची सोय होते, तुम्हाला विमानतळावरच्या सगळ्या सोपस्कारांतून हाताला धरून नेतात. नमस्काराला दर लावलाय साल्यांनी. आम्ही फुकट जयभीम घालतो तर लोक तोंड फिरवतात.

कुणी म्हणेल, पैसे दिले, सोय घेतली, तुझ्या पोटात काहून दुखतं? नाही दुखत. खुर्ची रुंद घ्या. पाय पसरा. दारू प्या, मऊ उशी घ्या, सोन्याच्या काट्याने जेवा. विमान कंपनी दुकानदार आहे, दुकानात माल विकला जातो. पण इमिग्रेशनचं काउंटर हे दुकान नाही. तिथे बसलेला माणूस विमान कंपनीचा नोकर नाही. तो देशाचा नोकर आहे. त्याच्या हातातला शिक्का देशाचा आहे. त्या काउंटरपुढे प्रवासी फक्त एकाच नात्याने उभा असतो : नागरिक. तुमचं तिकीट कितीचं, हे तिथे विचारण्याचा कुणालाही अधिकार नाही. तरी तिकिटाच्या किमतीवर त्या शिक्क्यापुढची जागा विकली जाते. उद्या तलाठ्याच्या दारात सातबाऱ्यासाठी, पोलीस ठाण्यात तक्रारीसाठी, मतदानाच्या खोलीपुढे अशीच प्रीमियम लेन काढा की. तुम्ही हसाल. पण त्या खोलीत आणि ह्या काउंटरमध्ये फरक काय, ते आधी सांगा.

बाहेरदेशी जाणं ही काही राजाची मेहेरबानी नाही. सुप्रीम कोर्टाने १९६७ साली सत्वंतसिंग साहनी खटल्यात सांगितलं की परदेशी जाणं हा माणसाच्या व्यक्तिगत स्वातंत्र्याचा भाग आहे. २५ जानेवारी १९७८ ला मनेका गांधी खटल्यात तेच पुन्हा ठासून सांगितलं, की सरकार कुणालाही मनमानी पद्धतीने अडवू शकत नाही. म्हणजे हा कलम २१ चा हक्क आहे आणि कायद्यापुढे सगळे सारखे हे कलम १४. बाबासाहेबांनी ही कलमं बिझनेस क्लाससाठी लिहिली नव्हती.

आता काउंटरच्या दुसऱ्या टोकाला या. तिथे आमचे लोक उभे आहेत.

पासपोर्टावर तीन अक्षरं असतात, ई.सी.आर. एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. म्हणजे हा माणूस देशाबाहेर नोकरीला निघाला तर त्याला तपासल्याशिवाय सोडू नका. कुणाच्या पासपोर्टावर असतात? जो दहावी पास नाही त्याच्या. कायदा १९८३ चा, एमिग्रेशन ॲक्ट. देश अठरा : सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, अमिरात, इराक, जॉर्डन, मलेशिया, थायलंड आणि असे आणखी. ह्या देशांत नोकरीच्या व्हिसावर जायचं तर ई.सी.आर.वाल्याने प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स नावाच्या साहेबाचं क्लिअरन्स घ्यायचं. तीस वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी तर ते मिळतच नाही. विश्वासू माणसाला तीस सेकंद आणि गरीब बाईला तीस वर्षं!

आणि ह्यातून सुटका कुणाला? मॅट्रिक पास झालेल्याला. आयकर भरणाऱ्याला. राजनैतिक पासपोर्टवाल्याला. म्हणजे अंगठेबहाद्दर असलात तरी चालेल, फक्त आयकर भरा, सरकार समजेल की तुम्ही शहाणे आहात. पूर्वी मोकळ्या माणसाच्या पासपोर्टावर तसा शिक्का मारत. आता उलटं केलंय. मोकळ्याच्या पासपोर्टावर काही नसतं, ज्याला अडवायचं त्याच्यावर छापलेलं असतं. आम्हाला ही पद्धत नवी नाही. गावात वरच्या जातीचं घर ओळखायला पाटी लागत नाही. खूण नेहमी आमच्याच गळ्यात.

ही रेघ माझ्या घरातून गेलेली आहे. मी दहावी पास, माझ्या चुलत्याचा पोरगा नववीत नापास. दोघं एकाच छपराखाली वाढलो, एकाच शाळेत गेलो. तो नापास झाला त्या साली त्याचा बाप आजारी होता आणि हा सोयाबीन कापायला जात होता. एवढाच आमच्या दोघांतला फरक. सरकारच्या लेखी मात्र मी माझं भलंबुरं जाणणारा आणि तो अजाण. तो ओमानला निघाला. एका एजंटने त्याला सहा महिने लटकत ठेवलं. शेवटी कागद झाले, विमानतळावर गेला, आणि तिथून त्याने मला फोन केला : "दादा, पासपोर्ट दाखोला, व्हिसा दाखोला, क्लिअरन्सचा कागद दाखोला, तरी साहेब म्हणे बाजूले उभा राह्य. काहून, त सांगे नाही." तास गेला. विमान चुकलं असतं तर तिकिटाचं कर्ज त्याच्याच डोक्यावर. शेवटी सोडलं. काय चूक होती हे त्याला आजही माहीत नाही. कोणता विमानतळ, कोणता साहेब, त्याला महत्त्व नाही. साहेब बदलला असता तरी बाजूला उभा राहणारा माणूस तोच असता.

थायलंड त्या अठरा देशांत आहे हे मी वर लिहिलं. पुन्हा वाचा. त्याच देशाच्या विमानतळावर बिझनेस वर्गासाठी प्रीमियम लेन आहे. एका विमानातून दोन भारतीय उतरतात. एकाने तिकिटाला जास्त पैसे मोजले, त्याला वेगळं काउंटर. दुसरा कामाला निघालाय, त्याला निघतानाच आपल्याच सरकारची परवानगी लागली. पुढची खुर्ची, मागची खुर्ची. मधे फक्त एक पडदा. वेशीची भिंत आता पडद्याची झालीय, एवढीच प्रगती.

२०१८ च्या जानेवारीत तर सरकारने ह्याच्या पुढची पायरी गाठली होती. ई.सी.आर.वाल्यांच्या पासपोर्टाचं कव्हरच नारिंगी करायचं ठरवलं. लांबून दिसावं, हा दहावी नापास, हा मजूर. बोंब झाली, टीका झाली, आणि महिना संपायच्या आत, ३० जानेवारीला, निर्णय मागे घेतला. रंग गेला, अक्षरं राहिली. पाठीला बांधलेला झाडू सोडला, पण ज्याने बांधला त्याचं डोकं तसंच राहिलं.

विश्वास म्हणता ना? मग विश्वासाचाच हिशेब करू.

२ मार्च २०१६ ला विजय मल्ल्या दिल्लीहून लंडनला उडाला. राज्यसभेचा खासदार. खिशात राजनैतिक पासपोर्ट. त्याच्या नावाची लुकआउट नोटीस सीबीआयने आधी काढली होती, दिसला तर अडवा अशी. मग ती बदलून, दिसला तर कळवा, एवढीच केली. मुंबईच्या कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये त्याला फरारी आर्थिक गुन्हेगार ठरवलं. १ जानेवारी २०१८ ला नीरव मोदी देशाबाहेर गेला, मागोमाग ४ जानेवारीला त्याचा मामा मेहुल चोक्सी. मागे पंजाब नॅशनल बँकेचा १३,००० कोटींच्या वरचा घोटाळा. डिसेंबर २०१९ मध्ये नीरव मोदीही फरारी आर्थिक गुन्हेगार ठरला. हे सगळे इमिग्रेशनच्या काउंटरवरूनच गेले ना? त्यांना कुणी म्हटलं का, बाजूले उभा राह्य? माझ्या चुलतभावाने देशाचं काय नेलं होतं? एक पत्र्याची पेटी, लोणच्याची बरणी आणि पाठीवर एजंटाचं कर्ज. तो दर महिन्याला पैसे देशात धाडतो. तरी तपासायचं त्याला.

म्हणजे इथे विश्वास चालचलनीवर ठरत नाही. तो चपलेवर ठरतो, भाषेवर ठरतो, हाताच्या घट्ट्यांवर ठरतो.

मी गोदीतला माणूस, मला ह्यात आणखी एक गोष्ट दिसते. हे विमानाचं खूळ नाही, बोटीच्या काळापासून हेच चालू आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंड नावाचं बेट आहे. १ जानेवारी १८९२ ला तिथे सरकारी तपासणी सुरू झाली आणि १९५४ पर्यंत चालली. पण बोटीवरचे सगळे तिथे जात नव्हते. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे कागद बोटीवरच बघत आणि ते सरळ धक्क्यावर उतरून शहरात जात. तळाच्या वर्गातल्यांना होडीत घालून बेटावर नेत, रांगेत उभं करत, डोळ्यांच्या पापण्या उलट्या करून बघत, खडूने कपड्यावर खुणा करत. तिकीट महाग म्हणजे रोग नाही, हे डॉक्टरी शास्त्र त्या काळातलं. आमच्या मुंबईत बॅलार्ड पियरला मोल स्टेशन होतं. विलायतेची बोट लागली की साहेब बोटीतून उतरून धक्क्यावरच्याच आगगाडीत बसे. त्याच साहेबाच्या पेट्या उचलणाऱ्याला मात्र गेटातूनच आत यायचं आणि गेटातूनच बाहेर जायचं.

आता त्याच बंदरात आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल झालंय. २० सप्टेंबर २०२५ ला पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय, चेक-इन आणि इमिग्रेशनची मिळून ७२ काउंटर. होऊ द्या, बंदर वाढलं तर आम्हाला आनंदच आहे, आमचं पोट बंदरावर आहे. पण गोदी कुठलीही असो, एक गोष्ट बघा. सहलीला निघालेल्याला काउंटर वाढवतात. कामाला निघालेल्याला गेटावर थांबवतात. पाळी सुटली की डबा उघडून दाखवा, पिशवी उलटी करा, हात वर करा. मालाला घाई, माणसाला तपासणी. पर्यटकाचा वेळ म्हणजे पैसा आणि मजुराचा वेळ म्हणजे काही नाही, ह्या एका समजुतीवर हे सगळं उभं आहे. वेळसुद्धा इथे जातीने वाटलेला आहे.

आणि गावाकडे? आमच्या वाशिम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेलाय. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला, ५ जून २०२५ ला मुंबईकडचा शेवटचा तुकडा सुरू झाला. मंगरूळपीर तालुक्यातही ही सडक आहे. वाशिम हा केंद्र सरकारने २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलेला, म्हणजे साध्या भाषेत मागास ठरवलेला जिल्हा. ह्या मागास जिल्ह्याच्या मधोमध देशातली वेगवान सडक. पण त्या सडकेवर मोटरसायकल चालत नाही, तीनचाकी चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही. आसेगावच्या शेतमजुराकडे दुसरं असतं काय? त्याने कुंपणाबाहेर उभं राहून गाड्या मोजायच्या. वेगाने जाणाऱ्याला अपघात होऊ नये म्हणून ही बंदी आहे, हे मला समजतं. पण जमीन ह्या जिल्ह्याची, खडी फोडणारे हात ह्या मुलखाचे, आणि वेग दुसऱ्याचा. आसेगावच्या पोराला फास्ट ट्रॅक काय असतो हे समजायला विमानतळावर जायची गरज नाही.

आता दोन आक्षेप येतील. दोन्ही खोडून टाकू.

पहिला आक्षेप पांढरपेशा मित्रांचा. ते म्हणतील, तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत जात आणता. अरे, ही योजना फुकट आहे, सगळ्यांना खुली आहे, अर्ज कर आणि हो विश्वासू. मित्रा, महाडचं चवदार तळंही कागदावर खुलं होतं. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तिथे जावं लागलं, आणि पाणी प्यायल्यावर आमच्या लोकांची डोकी फुटली. कागदावरचं खुलं आणि पायाखालचं खुलं, ह्यातलं अंतर आम्ही मोजलेलं आहे.

आणि मला सांगा, हा दुसऱ्यांदा विश्वास कशाला? पासपोर्ट काढतानाच प्रत्येकाचा फोटो घेतात, बोटांचे ठसे घेतात, पोलीस चौकशी करतात. आमच्या वाशिमचा पासपोर्ट नागपूर कार्यालयाचा. चिप असलेला नवा ई-पासपोर्ट ज्या शहरांत आधी सुरू झाला त्यांत नागपूर होतं. म्हणजे आसेगावच्या माणसाच्या हातात मशीनला वाचता येईल असा पासपोर्ट यायची सोय सरकारने करून ठेवलीय. ठसे आहेत, फोटो आहे, चौकशी झालीय, चिप आहे. मग पासपोर्ट हातात पडताच तो माणूस विश्वासू काहून नाही? पुन्हा वेगळा अर्ज, वेगळी नोंदणी कशाला? जो महिन्यातून दोनदा उडतो त्याला हे परवडतं, त्याच्याकडे कॉम्प्युटरवर बसणारा माणूस असतो. जो तीन वर्षांत एकदा घरी येतो त्याला ह्या योजनेचं नावसुद्धा कुणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आपल्याच काही माणसांचा आहे. ते म्हणतात, ई.सी.आर. हे गरिबाच्या रक्षणासाठी आहे. एजंट फसवतात, आखातात मालक पासपोर्ट काढून घेतात, पगार देत नाहीत. तपासणी काढली तर आपली पोरं मरतील.

फसवणूक खरी आहे. ती मी घरात पाहिली आहे. पण हे रक्षण कुणाला धरून चाललंय ते बघा. चोर एजंट आहे, आणि बाजूला उभा करतात मजुराला. कायद्याने एजंटने मजुराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, ह्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही. तुमच्या वस्तीतल्या कुणीही आखातात गेला असेल तर त्याला विचारा किती दिले. आणि दहावीचा दाखला माणसाला फसवणुकीपासून वाचवतो हे कुणी सांगितलं? मी मॅट्रिक आहे, मला अरबी करारपत्र वाचता येतं का? दाखल्याने मी शहाणा झालो नाही, फक्त सरकारची जबाबदारी संपली. नापास माणसाला अडवतात आणि पास झालेल्याला वाऱ्यावर सोडतात. हे रक्षण नव्हे. प्रोटेक्टर ही खुर्चीसुद्धा गिरमिटियांच्या काळातली, इंग्रज मळ्यांवर कुली धाडायचे तेव्हाची. कुलीचा रक्षक तेव्हाही होता. कुली तरी मेलेच.

१२ जून २०२४ ला कुवेतमधल्या मंगाफ भागात मजुरांच्या इमारतीला आग लागली. कुवेत त्या अठरा देशांतला. १४ जूनला ४५ भारतीयांची प्रेतं घेऊन हवाईदलाचं विमान कोचीला उतरलं. त्यानंतर आठ दिवसांनी दिल्लीत विश्वासू प्रवाशाचं दार उघडलं. दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवा. तपासायचं होतं ते तिथे होतं : एका इमारतीत किती माणसं कोंबली, जिना मोकळा आहे का, मालक कोण. ते तपासायला जी ताकद लागते ती सरकारने आमच्या पोरांच्या पेट्या तपासण्यात खर्च केली.

मग आपण मागायचं काय? रांग मोडायची नाही. रांग ही गरिबाची एकुलती एक लोकशाही आहे, ती मोडणाऱ्यांशी आपलं भांडण आहे. आपल्या मागण्या साध्या आहेत.

एक, पासपोर्ट तपासणाऱ्या काउंटरपुढे तिकिटाच्या वर्गावर वेगळी वाट नको. ह्या देशात नको आणि आपल्या सरकारने दुसऱ्या देशांशी बोलताना तिथेही नको म्हणावं. पुढे सोडायचं असेल तर म्हाताऱ्याला सोडा, गरोदर बाईला सोडा, तान्हं पोर काखेत असलेलीला सोडा, अपंगाला सोडा, ज्याचं विमान सुटतंय त्याला सोडा. गरज बघून सोडा.

दोन, मशीन सगळ्यांना द्या. पासपोर्ट दिला त्याच दिवशी, त्याच खिडकीवर नोंद करा, वेगळा अर्ज नको. आणि विश्वासू हा शब्द काढून टाका. ज्याला देशाने पासपोर्ट दिला तो विश्वासूच असतो.

तीन, ई.सी.आर. ही अक्षरं आमच्या कपाळावरून पुसा. तपासणी एजंटाची करा, करारपत्राची करा, परदेशातल्या मालकाची करा, आणि ती दहावी पास-नापास सगळ्यांसाठी करा. विमा सगळ्यांना द्या. वकिलातीत मराठी, हिंदी, भोजपुरी, मल्याळी समजणारा माणूस बसवा, जो रात्री दोन वाजता फोन उचलेल.

१९८३ चा कायदा बदलण्यासाठी सरकारने २०२५ च्या ऑक्टोबरात नव्या विधेयकाचा मसुदा काढला, लोकांच्या सूचना मागवल्या. सूचना कुणी धाडल्या असतील? कंपन्यांनी, एजंटांच्या संघटनांनी, वकिलांनी. आमच्या वस्त्यांतून किती पत्रं गेली? मसुदे इंग्रजीत निघतात आणि आमचे लोक रात्रपाळीत असतात. म्हणून हे काम तुमचं आहे, कॉलेजात शिकणाऱ्या आणि इंग्रजी वाचणाऱ्या पोरापोरींनो. तो मसुदा शोधा, मराठी करा, वस्तीत वाचून दाखवा. ज्याच्या घरचं कुणी आखातात आहे त्याच्याकडे जा, एजंटाला किती दिले, विमानतळावर काय झालं, मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला का, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. शंभर माणसांचे जबाब गोळा करा. ते खासदाराच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा, आता ह्याच्यावर बोल. आमच्या मतावर निवडून आलेला माणूस विमानतळावर कोणत्या दाराने जातो तेही त्याला एकदा विचारा.

शिका, हे आपल्याला पहिलं सांगितलं गेलं. आपण शिकलो ते शिकलेल्यांच्या वेगळ्या वाटेने निघून जायला नाही. माझ्या मॅट्रिकच्या दाखल्याने मला ह्या रेघेच्या पलीकडे टाकलं आहे, पण माझा भाऊ अलीकडे उभा आहे. मी त्याच्या बाजूने लिहितोय, आणि माझ्यासारखे मॅट्रिक ह्या शहरात हजारोंनी आहेत. सगळ्यांनी आपापल्या भावाच्या बाजूला येऊन उभं राहावं. मग बघू, त्या साहेबाला किती जणांना बाजूला काढता येतं.

जयभीम.